कोंडा, पेंड आणि कण्या: मावळातली एक भातगिरणी आणि धायरीचा लाकडी घाणा

कामशेतच्या अलीकडे एक भातगिरणी आहे. रबर रोलची, दिवसाला साधारण 4 टन भात भरडणारी. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत तिला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पुढे ती रडतखडत चालते. निम्मा भात शेतकऱ्यांचा, भरडाईसाठी आलेला. निम्मा मालकाने स्वतः खरेदी केलेला. वाण मुख्यतः इंद्रायणी, थोडा आंबेमोहोर. मालकाची थोरली बहीण पुण्यातल्या धायरीला दिलेली. तिथं ती आणि दाजी दोन लाकडी घाणे चालवतात. शेंगदाणा बारमाही, थंडीत तीळ, मागणी आली तर करडई आणि खोबरं.

नावं गाळून हे प्रकरण इथं मांडतो आहे. रुपयांचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. बाजार रोज हलतो, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

गिरणीमालकाचा मूळ विचार सरळ होता. पुण्यातल्या दुकानांत राइस ब्रान, म्हणजे तांदळाच्या कोंड्याच्या तेलाच्या बाटल्या दिसतात, आपल्याकडे कोंड्याचे ढीग पडलेत, दाजींचा घाणा दुपारनंतर रिकामा असतो. मग कोंड्याचं तेल आपणच का काढू नये? सोबत प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेची माहिती होती. 2020 साली सुरू झालेल्या या योजनेत भांडवली खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान ठेवलेलं होतं. अनुदानाचा आकडा समोर असला की माणूस आधी यंत्र शोधतो आणि मग त्याला काम शोधतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. उरलेले 65 टक्के आपल्याच खिशातून जायचे असतात, तिकडे नजर उशिरा जाते.

तेलाचा विषय मात्र दाजींनी एका वाक्यात संपवला.

"टाकला होता, पाहुणं. पोतंभर कोंडा घाण्यात टाकून बघितला होता. लगदा झाला नुसता. तेलाचं नाव नाही, वर घाणा खरवडण्यात दुपार गेली."

त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं आणि दाब बसला की ते सुटतं. न उकडलेल्या भाताच्या कोंड्यात तेल 15 ते 18 टक्के. तेही बारीक भुकटीत मुरलेलं. दाब दिला की भुकटी चिकटते आणि तेल तिच्यातच अडकून राहतं. म्हणून मोठ्या कारखान्यांत कोंड्याचं तेल हेक्झेन या द्रावकात विरघळवून काढतात. हेक्झेन पेट्रोलसारखं पेट घेतं, त्यामुळे असा कारखाना म्हणजे ज्वलनशील पदार्थाचे सगळे नियम आले. पुढे कच्च्या तेलातलं मेण काढायचं, आम्ल काढायचं, रंग आणि वास काढायचा. कच्च्या तेलात एक-दोन टक्के ओरायझॅनॉल हे गुणकारी मानलं जाणारं द्रव्य असतं, जाहिराती त्याच्याच जोरावर चालतात. पण ते बाटलीपर्यंत पोहोचण्याआधी एवढं सगळं करावं लागतं.

आता प्रमाण बघा. 4 टन भातातून कोंडा निघतो 6 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 240 किलो. त्यातलं तेल पूर्णच्या पूर्ण काढलं तरी 36 ते 43 किलो. दिवसाला 50 टन कोंडा लागणारा कारखाना धरला, तर त्याला रोज 800 टनांहून अधिक भात भरडला जायला हवा. म्हणजे या गिरणीसारख्या दोनशेहून अधिक गिरण्या, आणि त्याही वर्षभर चालणाऱ्या. मावळ, मुळशी, भोर, राजगड (पूर्वीचा वेल्हे), जुन्नर मिळूनही असं चित्र उभं राहत नाही. कोंड्याच्या तेलाचे कारखाने पंजाब, हरियाणा, बंगाल, आंध्र, छत्तीसगड अशा पट्ट्यांत आहेत ते यामुळेच. आपल्या राज्यात भाताचा तसा पट्टा म्हणजे गोंदिया-भंडारा. पुण्याहून 800 किलोमीटरांच्या आसपास. कोंडा तिथवर पाठवता येईल का, हा प्रश्न गिरणीमालकाने विचारला. त्याचं उत्तर वाहतूकखर्चाच्याही आधी घड्याळात सापडतं.

कोंड्याचं घड्याळ

भाताचा दाणा अखंड असतो तेव्हा त्यातलं तेल आणि ते तेल फोडणारं लायपेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या थरांत असतात. पॉलिश करताना थर खरवडले गेले की दोन्ही एकत्र येतात आणि त्याच मिनिटाला तेल फुटून मोकळी आम्लं तयार व्हायला लागतात. ताज्या कोंड्यात ही आम्लं तीन टक्क्यांच्या आत असतात. उबदार, दमट हवेत 24 तासांत ती पाच-सात टक्क्यांपर्यंत चढतात आणि पुढे चढतच राहतात. खाद्यतेलासाठी दहाच्या आतला कोंडा चांगला मानतात, कारण जेवढं आम्ल जास्त तेवढी शुद्धीकरणात तूट. साधारण आम्लाच्या दुप्पट. थोडक्यात, कोंडा दुधासारखा नासतो, फक्त फाटलेला दिसत नाही.

उकड्या तांदळाच्या कोंड्याचं तसं होत नाही. भात उकडतानाच विकर मरतं, वर तेलही 20 टक्क्यांच्या पुढे असतं. मावळात मात्र इंद्रायणी उकडून कोण खाणार? त्यामुळे इथला कोंडा सगळ्यात लवकर बिघडणाऱ्या जातीचा.

यावर उपाय आहे: कोंडा निघाल्यावर काही तासांच्या आत 100 ते 120 अंशांवर तापवायचा आणि ओल पाच-सहा टक्क्यांवर आणायची. फुटाणे भाजायचा फिरता ड्रम या कामाला चालतो. इंधन घरचंच. तुसाच्या किलोला तीन हजारांच्या वर किलोकॅलरी धरून, भट्टीतली निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते असं मानून हिशेब केला, तर 240 किलो कोंड्याला 20 ते 25 किलो तूस पुरतं. गिरणीत दिवसाला तूस निघतं 800 किलो. म्हणजे इंधनाची अडचण शून्य.

तरीही ड्रम घेऊ नये, असं मत मी दिलं. कारण रुपयांत होतं. ताजा कोंडा 18 रुपये किलो धरला आणि आठवडाभर पडलेल्याला गोठेवाला चार रुपये कमी देतो असं मानलं, तर भाजून वाचणार दिवसाला 960 रुपये. एका माणसाची मजुरी, वीज, अस्तराची पोती आणि ड्रमचा हप्ता यांत ते गेले. शिवाय कोरड्या भाजणीत विकर पूर्ण मरतंच असं नाही. कोंड्याने पुन्हा ओल धरली की उरलेलं कामाला लागतं. भाजलेला कोंडा बेकरीला, बिस्किटांना द्यायचा तर दर चांगला मिळतो, पण मग माणसाच्या खाण्याचे निकष लागतात: तुसाचे कण, कीटकनाशकांचे अंश, आणि आर्सेनिक, जे तांदळापेक्षा कोंड्यात जास्त साठतं. हंगामी गिरणीने या वाटेला लागू नये.

मार्ग दुसरीकडून निघाला. सकाळी गावागावांतून दूध गोळा करणारा टेम्पो संकलन केंद्रावर कॅन उतरवून रिकामा परत जातो. गिरणी त्याच रस्त्यावर. आदल्या संध्याकाळचा कोंडा पोत्यांत भरून त्या टेम्पोतून परस्पर गोठ्यांवर जायला लागला. घड्याळ थांबवण्याऐवजी ते संपायच्या आत माल गाईच्या पुढ्यात पोचला. भाडं जेमतेम, आणि यंत्र काहीच नाही. ज्या शेतकऱ्यांना भरडाईचा कोंडा घरी न्यायचा असतो ते अजूनही नेतात; त्यावर वाद घालायचा नाही, हे मालकाने आधीच ठरवलं होतं.

एक धोका नोंदवून ठेवतो. तेल काढलेल्या कोंड्याच्या निर्यातीवर केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये बंदी घातली होती. असा निर्णय झाला की तो माल देशातच राहतो आणि पशुखाद्याच्या बाजारात कोंड्याचे दर दबतात. गाव छोटं असलं तरी कोंड्याचा भाव दिल्लीच्या कागदाशी बांधलेला आहे.

तूस

याबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, कारण गिऱ्हाईक शेजारीच होतं. कोंड्याच्या तिप्पट वजन आणि घनमीटरला जेमतेम शंभर-सव्वाशे किलो. ट्रक भरतो पण काटा हलत नाही. त्यामुळे तूस लांब नेणं परवडत नाही. चाकण-तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात बॉयलरसाठी पांढरा कोळसा, म्हणजे भुसा दाबून केलेले जळाऊ ठोकळे, खपतो, पण तुसातली वाळूसारखी सिलिका ठोकळे पाडणाऱ्या यंत्राचा साचा खाते, म्हणून ठोकळेवाले तूस थोडंच मिसळतात आणि भावही तसाच देतात. ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर पसरायला कोरडं, धूळ चाळलेलं तूस लागतं आणि तिथं दर बरा मिळतो. अट एकच: ओलं नको. ओल्या तुसावर बुरशी चढते आणि पिल्लांच्या फुफ्फुसात जाते. गिरणीमागे उघड्यावर पडणाऱ्या ढिगावर पत्र्याचं छप्पर घातलं, एवढाच या बाबतीतला खर्च. तुसाच्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका असते आणि काँक्रीटपासून पोलाद कारखान्यांपर्यंत तिला मागणी आहे, हे खरं. पण काँक्रीटसाठी ती 700 अंशांखाली नेमकी जाळलेली हवी. जास्त तापली की सिलिका स्फटिक होते. मग ती काँक्रीटच्या कामाचीही राहत नाही आणि तिची धूळ छातीलाही वाईट. आवारातल्या शेकोटीची राख विकायचा विचार सोडून द्यावा.

पेंडीचा अहवाल

आता धायरी. घाण्यावर दिवसाला 100 किलो शेंगदाणा गाळला तर 40 किलोच्या आसपास तेल आणि 58-59 किलो पेंड निघते. लाकडी घाण्याचा दाब कमी, म्हणून पेंडीत दहा-बारा टक्के तेल राहतं. एक्सपेलर या लोखंडी दाबयंत्राच्या पेंडीत सहा-आठ, हेक्झेनच्या पेंडीत एक-दीड. हे उरलेलं तेल दाजी तोटा समजत होते. गोठेवाल्याच्या दृष्टीने ती ताकद आहे. प्रथिनंही चाळीस टक्क्यांच्या वर.

दोघांचे व्यवसाय इथं जुळतात. कोंड्यात ऊर्जा आहे, प्रथिनं 12-13 टक्केच; पेंडीत प्रथिनं भरपूर. मक्याचा भरडा 23, कोंडा 30, शेंगदाणा पेंड 27, तुरीची चुनी 17, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 असं शंभर किलो केलं, तर प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास बसतात. मिश्रणात तेल मात्र आठ टक्क्यांच्या वर जातं. एकूण चाऱ्यात तेल सहा-सात टक्क्यांपुढे गेलं की पोटातले चारा पचवणारे जंतू मंदावतात. म्हणून हे मिश्रण हिरव्या-वाळक्या वैरणीच्या जोडीनेच, मापात द्यायचं.

गिरणीमालक लगेच पोत्यावर छापायचं नाव शोधू लागला. पण दुधाच्या टेम्पोवाल्या गोठ्यांच्या गटाने एक वेगळीच गोष्ट मागितली: पेंडीचा अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा, अहवाल. त्यांचं दूध घेणाऱ्या डेअरीने त्यांना तेच विचारलं होतं.

नमुना प्रयोगशाळेत गेला. पशुखाद्यासाठी भारतीय मानकात बी-1 अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला 20 मायक्रोग्रॅम आहे. पेंडीत ते त्याच्या चौपटीच्या वर निघालं.

आकडा कळावा म्हणून पेंडीत 100 मायक्रोग्रॅम धरू. गाईने दिवसाला दोन किलो पेंड खाल्ली तर पोटात गेले 200. त्यातले एक-दोन टक्के एम-1 या रूपात दुधात उतरतात. दोन टक्के धरले तर 4 मायक्रोग्रॅम. गाय दहा लिटर देत असेल तर लिटरला 0.4. दुधातली कायदेशीर मर्यादा 0.5 आहे. म्हणजे एकट्या पेंडीने दूध काठावर नेऊन ठेवलं. मक्यातून थोडं आलं की पलीकडे. उकळून किंवा दही लावून हे जात नाही. पेंड भाजली, उन्हात घातली, तरी पुरतं जात नाही. खाद्यात बेंटोनाइट ही माती मिसळतात, ते काही भाग बांधून ठेवतं. पण तो इलाज शेवटचा.

मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग इथून पुढचा वाटतो. अहवाल पेंडीचा होता, पण बुरशी पेंडीत जन्मली नव्हती. ती दाण्यात होती, आणि त्याच दाण्याचं तेल ताई दुकानात विकत होती. अफ्लाटॉक्सिनचा मोठा हिस्सा पेंडीत उतरतो हे खरं, तरी थोडा तेलात आणि त्यातल्या गाळात राहतो. कारखान्यात रिफाइन करताना अल्कलीच्या धुलाईत तो जातो. घाण्याच्या तेलाची सगळी मातब्बरी ते न धुण्यातच आहे.

दाजी गुलटेकडीच्या भुसार बाजारातून तेलासाठी फुटका, सुरकुतलेला दाणा घेत. खाण्याचा दाणा महाग, तेल दोन्हींतून येतंच. ताईने हिशेबाची वही पुढे ओढली आणि विचारलं, "दोन्हीत फरक किती पडतो?" दाजींनी सांगितलं. "आणि एक गिऱ्हाईक तुटलं तर?" त्यावर ते काही बोलले नाहीत.

बुरशी सगळ्या दाण्यांत सारखी नसते. हजारो दाण्यांत थोडेच खराब असतात, पण ते थोडे सगळा ढीग बिघडवतात. त्यामुळे एका मुठीचा नमुना फसवा. पुष्कळ पोत्यांतून थोडं थोडं काढून एकत्र दळलेला नमुनाच काही सांगतो. आणि त्याचमुळे निवडणं हा खरा इलाज आहे. काळवंडलेला, सुरकुतलेला, टरफलाच्या आतच फुटलेला दाणा बाजूला काढायचा आणि ओल सात टक्क्यांच्या आत असलेलाच माल घ्यायचा. धायरीत आता दोन बायका सकाळी दाणे निवडतात. निवडून काढलेला दाणा गुरांना घालायचा नाही, यावर ताई ठाम राहिली. तो मावळात जातो आणि गिरणीच्या आवारात तुसाबरोबर जळतो. खर्च वाढला, तेलाच्या डब्याचा दरही थोडा वाढवावा लागला, आणि पेंडीचे पुढचे नमुने मर्यादेत आले.

तेल निवळल्यावर तळाशी बसणारा गाळ दाजी पूर्वी पेंडीत कालवत. तो खवट लवकर होतो आणि पेंडीलाही खवट करतो. तो आता कपडे धुण्याचा साबण करणाऱ्याकडे जातो. दर क्षुल्लक.

कण्या

पेंडीने दाण्याची बातमी दिली, तशीच कण्यांनी भाताची दिली. गिरणीत आलेल्या भाताच्या वजनावर 14 टक्के चुरी-कणी निघत होती. मालक ती विकायला गिऱ्हाईक शोधत होता. मी विचारलं, एवढी पडते कशाने? इंद्रायणीचा दाणा आधीच नाजूक. काढणीनंतर भात डांबरी रस्त्यावर कडक उन्हात वाळला, रात्री दव प्यायला, की दाण्याला आत बारीक चिरा जातात आणि पॉलिशखाली तो फुटतो. शिवाय तूस काढणारे रबर रोल झिजले की माणसं त्यांच्यामधली फट घट्ट करतात, त्यानेही चुरा वाढतो. कोंडा चाळून पाहिला तर त्यात तुसाचे तुकडे दिसत होते. फट बिघडल्याची ती साक्षच.

रोल बदलले, स्वतः खरेदी केलेला भात सावलीत, ओल 13-14 टक्क्यांवर येईपर्यंत वाळवला. चुरी दहा टक्क्यांच्या आसपास आली. 4 टनांवर हा फरक 160 किलो. कणी 25 रुपये आणि तांदूळ 55 रुपये धरला तर दिवसाला 4,800 रुपये. निम्मा भात शेतकऱ्यांचा असल्याने मालकाच्या पदरात 2,400. त्या दिवसाच्या सगळ्या कोंड्याची विक्री 4,320. म्हणजे ज्या कोंड्याच्या तेलासाठी कर्ज काढायला निघाले होते, त्या कोंड्याच्या निम्म्याहून जास्त पैसा फट नीट लावण्यात आणि भात सावलीत वाळवण्यात होता. मालकाला हे फारसं रुचलं नाही. उपपदार्थाचा उद्योग म्हटलं की काहीतरी नवं उभं राहावं, असं वाटतं ना.

उरलेल्या कणीला नवं गिऱ्हाईक ताईनेच आणलं. इंद्रायणीच्या कणीला वास तोच, चिकटपणा तोच. पोल्ट्रीवाल्याला ती देणं म्हणजे सुगंध फुकट घालवणं. मोठी कणी ती दुकानात कण्यांच्या भाताला आणि घावनाला म्हणून विकते. गावाकडून पुण्यात आलेली कुटुंबं विचारत येतात. आंबेमोहोराची कणी वेगळी ठेवते. धुऊन, सावलीत वाळवून, बारीक दळलेलं मोदकाचं पीठ भाद्रपदात किती खपतं ते पुण्यात कुणाला सांगायला नको. अडचण अशी की गिरणी नोव्हेंबरात चालते आणि गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरात. मधल्या काळात, विशेषतः पावसाळ्यात, कणीला अख्ख्या तांदळापेक्षा लवकर कीड लागते. म्हणून कणी कोरडी करून हवाबंद पिंपांत ठेवतात आणि पीठ गणपतीच्या पंधरवड्यातच दळतात. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचा अर्ज शेवटी या पिठाच्या दळण-पॅकिंगसाठी भरला.

पशुखाद्याचं पोतं त्यांनी काढलं नाही. कोंडा आणि पेंड गोठ्यांच्या गटाला सुटी जाते, मिश्रण गट स्वतः करतो, आणि पेंडीच्या प्रत्येक मोठ्या खेपेबरोबर अहवालाची प्रत जाते. शेंगदाणा पेंडीच्या बाजारात कागद घेऊन येणारा विक्रेता विरळा, त्यामुळे दर किलोमागे थोडा वर मिळतो.

सध्या वाद एकच चालू आहे. आसपासच्या दोन गिरण्या आपला कोंडाही याच टेम्पोत घाला म्हणतात. मालकाला घ्यायचा आहे. टेम्पोवाल्याची अट अशी की पोत्यावर कोंडा कधी निघाला ती वेळ खडूने लिहिलेली हवी आणि आदल्या दुपारच्या आधीचा माल चढणार नाही. त्यातली एक गिरणी जुन्या हलरची आहे. तिथं तूस आणि कोंडा एकत्रच निघतो, तेल तीन-पाच टक्के, गाईला त्यात फारसं काही नाही. तो कोंडा वेगळ्या दराने घ्यायचा की घ्यायचाच नाही, हे या दिवाळीआधी ठरायचं आहे.